पानांचे द्वारपाल

वैशाखांतील दुपार. कोल्हापुराहून गारगोटीच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे थोड्याच अंतरावर कळंब्याचा तलाव लागतो. कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांचें पाणी अडवून एकोणिसाव्या शतकांत बांधलेला हा तलाव. त्याच्या पाण्यावर कोल्हापूरकरांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. शहराची वस्ती आतां या बाजूला पुष्कळच पसरली आहे. तरी त्या वस्तीच्या पलीकडे करवीर तालुक्याचें खरें वैभव, म्हणजे ऊस, अजून डोळ्यांस दिसतो. ज्या शेताची पाण्याची पाळी लांबली आहे अशा एखाद्या शेताच्या बांधावर भर दुपारीं क्षणभर उभें राहावें. सकाळीं तलवारीच्या पात्यासारखीं पसरलेलीं उसाचीं पानें आतां दोन्ही कडांकडून आंत वळून पुंगळीसारखीं झालेलीं दिसतात. ऊन उतरलें, सायंकाळची झुळूक सुटली, कीं तींच पानें हळूहळू पुन्हां उलगडूं लागतात.

शेतकऱ्याला यांत नवल वाटत नाहीं. ‘उसाला ताण बसला’ एवढेंच तो म्हणतो आणि पाटाच्या पाण्याची चौकशी करूं लागतो. पण जिज्ञासु मनाला येथें एक कोडें पडल्यावांचून राहात नाहीं. वनस्पतीला हृदय नाहीं, स्नायु नाहींत, मज्जातंतु नाहींत. मग पानांनीं केव्हां मिटावें, केव्हां उघडावें, पाणी केव्हां सोडावें आणि केव्हां राखावें, याची आज्ञा कोण देतो, आणि ती पाळतो कोण?

या कोड्याचें उत्तर आपल्याच स्वयंपाकघरांतील एका अनुभवापासून शोधूं लागलें तर लवकर हातीं येतें. लोणच्यासाठीं कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात, तेव्हां घटकाभरांत फोडींना पाणी सुटतें. फोडी कोणी पिळलेल्या नसतात. बाहेर क्षार अधिक झाला म्हणून आंतील पाणी त्याच्या ओढीनें बाहेर आलें, इतकेंच. हाच नियम उलट बाजूनें लागू केला, आणि पेशीच्या आंत क्षार वाढविला, तर बाहेरचें पाणी आंत शिरेल व पेशी टच्च फुगेल. वनस्पतीचें सारें जलशासन या एका युक्तीवर चाललेलें आहे. तिला पाणी थेट ओढतां येत नाहीं, पण क्षार हलवितां येतो. आणि क्षार गेला कीं त्याच्या मागोमाग पाणी जातें. या कामासाठीं सृष्टीनें जो क्षार निवडला आहे, त्याचेंच नांव पालाश किंवा पोटॅशियम.

हें नांव जरी परकें असलें तरी वस्तु आपल्या परिचयाची आहे. चुलीच्या व बंबाच्या राखेनें भांडीं घासण्याची चाल घरोघर होती, ती राखेंतील याच क्षाराच्या गुणामुळें. आपले वैद्य जव जाळून त्याच्या राखेंतून यवक्षार काढीत, त्यांतही मुख्य भाग पालाशाचाच. युरोपांतही लांकडाच्या राखेचें पाणी भांड्यांत आटवून क्षार काढीत. भांड्यांतली राख या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासूनच ‘पोटॅश’ हें नांव पडलें, आणि आपल्या शेतकीच्या पुस्तकांनीं त्याचा सुंदर ‘पालाश’ करून टाकला. १८०७ सालीं हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडून त्यांतील धातु प्रथमच वेगळा केला. झाड जाळल्यावर बाकी सर्व धुरावाटे निघून जातें आणि राखेंत हा क्षार मागें उरतो, यावरून झाडानें जिवंतपणीं तो किती सांठविलेला असेल याची कल्पना करावी. वाळलेल्या वनस्पतीच्या वजनांत शेंकडा दोन ते पांच भाग, आणि कधीं त्याहूनही अधिक, केवळ पोटॅशियम असतें.

आणखी एक विशेष असा कीं, नत्र व स्फुरद हीं द्रव्यें जशीं वनस्पतीच्या शरीराच्या घडणींत कायमचीं गुंफलीं जातात, तसें पोटॅशियमचें होत नाहीं. तें शेवटपर्यंत पाण्यांत विरघळलेलें, मोकळें, फिरतें राहतें. मोकळें असल्यामुळेंच तें सर्वांच्या कामीं येतें. पन्नासांहून अधिक पाचकद्रव्यांना कार्यक्षम करणें, पानांत तयार झालेली साखर खोडाकडे पोंचविण्यास साह्य करणें, पेशींना ताठपणा देणें, हीं सर्व कामें तें करतें. जमिनींत तें कमी पडलें तर झाड जुन्या पानांतून काढून तें कोंवळ्या पानांना देतें. म्हणून पालाशाची उणीव प्रथम उसाच्या खालच्या पानांच्या टोकांवर व कडांवर करपल्यासारखी दिसूं लागते. थोरांनीं आपल्या ताटांतलें काढून लेंकरांच्या ताटांत वाढावें, तसाच हा प्रकार आहे.

आतां मुख्य अडचण पाहूं. जमिनींतील ओलाव्यांत पोटॅशियम फार थोडें असतें. मुळाच्या पेशींत तें त्याच्या शेंकडों पट असतें. म्हणजे दरिद्री बाजारांतून माल आणून भरलेल्या कोठारांत आणखी भरावयाचा. शिवाय प्रत्येक पेशीभोंवतीं एक अतिशय पातळ, स्निग्ध पटल असतें. त्याची जाडी एका मिलिमीटराच्या सुमारें दोन लाखांव्या हिश्श्याइतकी, पण तें तेलकट असल्यामुळें पाण्यांत विरघळलेल्या क्षाराच्या कणांस तें ओलांडतां येत नाहीं. पोटॅशियमचा प्रत्येक कण धनविद्युत् धारण केलेला असून त्याभोंवतीं पाण्याच्या कणांचें वेष्टन असतें. तेलाशीं त्याचें कदापि जमावयाचें नाहीं. तेव्हां या तटबंदींत कोठें तरी दारें असलींच पाहिजेत, असा तर्क शास्त्रज्ञांनीं बांधला. १९५२ सालीं एमॅन्युएल एप्स्टाइन यानें सहकाऱ्यासह सातूच्या मुळांवर प्रयोग करून दाखविलें कीं, मुळें पोटॅशियम घेतात तीं एका ठराविक मर्यादेपर्यंत. जणू कांहीं ठराविक संख्येच्या वाहकांच्या हातूनच तें आंत येतें. परंतु हे वाहक प्रत्यक्ष कोणीं पाहिले नव्हते.

दार प्रत्यक्ष दिसण्यापूर्वीं त्यांतून वाहणारी वीज मोजतां आली. १९७६ सालीं नेहेर व साकमन या दोन जर्मन संशोधकांनीं एक विलक्षण हिकमत काढली. कांचेच्या नळीचें टोंक तापवून इतकें बारीक काढावयाचें कीं त्याचें तोंड मिलिमीटराच्या हजाराव्या भागाएवढें व्हावें, आणि तें पेशीच्या पटलावर घट्ट बसवावयाचें. मग त्या इवल्याशा तुकड्यांतील एखादेंच दार उघडलें वा मिटलें तरी विजेच्या कांट्यावर उडी दिसते. या हिकमतीला पुढें १९९१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८४ सालीं हीच रीत श्रेडर, हेडरिख व फर्नांडेझ यांनीं एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या पानांतील पेशींस लावली आणि वनस्पतींतही पोटॅशियमसाठींच राखून ठेवलेलीं दारें आहेत हें निर्विवाद सिद्ध केलें.

दारें आहेत हें ठरलें. पण तीं कोणत्या द्रव्याचीं बनलीं, हें कसें कळावें? येथें शास्त्रज्ञांनीं जी युक्ति लढविली ती सांगण्यासारखी आहे. पावाचें पीठ फुगविणारें यीस्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या यीस्टचा एक असा वाण घेतला कीं ज्याचीं पोटॅशियम ओढून घेण्याचीं स्वतःचीं साधनें नष्ट झालेलीं होतीं. अल्प पालाशाच्या द्रावांत तें यीस्ट उपाशीं मरावयाचें. त्यांत मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस नांवाच्या एका लहानशा रोपट्याचीं आनुवंशिक सूत्रें थोडीं थोडीं घालून पाहिलीं. लक्षावधि मेलीं, परंतु कांहीं थोडीं तगलीं व वाढूं लागलीं. जीं तगलीं त्यांत त्या रोपट्याचें पोटॅशियमचें दार तयार करणारें सूत्र शिरलेलें होतें, हें उघड झालें. १९९२ सालीं फ्रान्स व अमेरिका येथील दोन गटांनीं या एकाच रीतीनें दोन निरनिराळीं सूत्रें हातीं आणलीं. मुळांतील दाराला एकेटी-एक आणि पानांतील दाराला केएटी-एक अशीं नांवें पडलीं. त्या रोपट्याजवळ या घराण्यांतील एकंदर नऊ सूत्रें आहेत, हें पुढें कळून आलें.

या दारांची घडण कशी होते, हा या विषयांतील सर्वांत मनोरंजक भाग. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. पानांतील दाराच्या एका माळेंत ६७७ मणी असतात, मुळांतील दाराच्या माळेंत ८५७. पेशीच्या आंतील एका पापुद्र्याच्या जाळ्यावर ही माळ विणली जाते आणि विणतां विणतां शिवणाऱ्या सुईसारखी ती पटलांतून सहा वेळां आरपार ओवली जाते. तिचीं दोन्ही टोंकें आंतल्या बाजूस राहतात. पण एवढ्यानें दार होत नाहीं. अशा चार माळा एकत्र याव्या लागतात. आपल्याकडील जुना चौसोपी वाडा डोळ्यांसमोर आणावा. चार बाजूंस चार सोपे आणि मध्यें मोकळा चौक. एका सोप्याला चौक नसतो. चारही सोपे परस्परांना भिडले कीं चौक आपोआप निर्माण होतो. त्याचप्रमाणें प्रत्येक माळेचा पांचवा व सहावा फेरा मध्याकडे येतो, त्या दोहोंमधील एक लहानसा वेढा आंत वांकतो, आणि अशा चारांच्या मधोमध पोटॅशियमचा मार्ग तयार होतो. हे चार सोपे एकमेकांस धरून ठेवण्याच्या कामीं आंतल्या बाजूस लोंबणाऱ्या लांब शेंपट्यांचा मोठा वांटा असतो; शेंपटीनें शेंपटी ओळखल्यावर जुळणी पक्की होते.

चारही भाग एकाच जातीचे असलेच पाहिजेत असें नाहीं. जवळच्या नात्यांतील दोन जातींचे भागही एकत्र नांदतात, आणि त्या मिश्र दाराचा स्वभाव दोघांहून निराळा होतो. मुळांत केसी-एक नांवाचा असा एक भाग आहे कीं त्याचे चार जमवले तरी दार होत नाहीं. एकटा असेल तर तो जन्मस्थानींच, आंतल्या पापुद्र्यांत अडकून पडतो. पेशीच्या तटापर्यंत पोंचतही नाहीं. म्हणून प्रथम त्याला ‘मुका’ भाग म्हटलें गेलें. पण तोच एकेटी-एकच्या संगतींत बसला कीं त्याची किंमत कळते. केवळ एकेटी-एकच्या चार भागांचें दार जमिनींत पालाश फारच थोडें असतां एक चूक करतें: आंत घेण्याऐवजीं आंतलेंच बाहेर गळूं देतें. मुका भाग सामील झाला म्हणजे असें मिश्र दार उघडण्यास अधिक जोराच्या विद्युत्‌ओढीची वाट पाहतें, आणि गळती थांबते. घरांत फारसें न बोलणारें एखादें वडील माणूस कोठीची किल्ली जपतें, तसें त्याचें हें काम आहे.

जुळणी झालेलीं दारें मग लहान लहान पिशव्यांतून पेशीच्या तटाकडे रवाना होतात. या प्रवासाचा परवाना म्हणून माळेवर विशिष्ट खुणा असतात. खूण पुसून टाकली तर दार मार्गांतच अडून राहतें. आणि तटांत बसलेलें दार कायमचेंच असतें असेंही नाहीं. दुष्काळाची वर्दी आली कीं पानांतील पेशी आपलीं कांहीं दारें पटलासकट आंत ओढून घेते व सुकाळ येतांच पुन्हां बसविते. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हें प्रत्यक्ष दिसून आलें.

आतां द्वारपालाच्या विवेकाकडे वळूं. पोटॅशियमचें भावंड म्हणजे सोडियम, आपल्या मिठांतलें. दोघांवर विद्युद्भार सारखाच. सोडियमचा कण तर पोटॅशियमच्या कणाहून लहान आहे. मग मोठ्याला आंत सोडून लहानाला अडविणारें हें दार आहे तरी कसें? साध्या चाळणीनें हें साधणार नाहीं. या प्रश्नानें शास्त्रज्ञांना कित्येक वर्षें छळलें. १९९८ सालीं अमेरिकेंतील रॉडरिक मॅकिनन यानें एका जीवाणूच्या पोटॅशियम-दाराची अणूअणूची रचना क्ष-किरणांच्या साह्यानें उलगडली आणि कोडें सुटलें. त्याबद्दल २००३ सालीं त्याला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. जीवाणु, प्राणी व वनस्पति या तिघांच्याही दारांत ही सर्वांत अरुंद जागा जवळजवळ एकाच घाटाची आहे.

ती युक्ति आपल्या घरांतील एका जुन्या चालीवरून नीट ध्यानांत येईल. बाहेरचें वस्त्र उतरवून सोंवळें नेसल्यावांचून देवघरांत जातां येत नसे. पोटॅशियमच्या कणाभोंवतीं पाण्याच्या कणांचें वस्त्र असतें. अरुंद वाटेंत शिरतांना त्याला तें उतरवावें लागतें. हें उतरविणें सोपें नव्हे, कारण तें वस्त्र त्याला घट्ट चिकटलेलें असतें. पण वाटेच्या भिंतींतून प्राणवायूचे अणु नेमक्या अशा अंतरावर पुढें आलेले असतात कीं पोटॅशियमला पाण्याच्या जागीं त्यांचें वस्त्र तंतोतंत बसतें. एक उतरलें तोंच दुसरें मिळालें. कणाला कांहींच तोशीस पडत नाहीं. सोडियमचा कण लहान. त्याला हें वस्त्र ढगळ होतें, चारही बाजूंचे अणु त्याला एकदम धरूं शकत नाहींत. म्हणून तो आपलें पाण्याचें वस्त्र सोडण्यास राजी होत नाहीं व बाहेरच राहतो. हजारों पोटॅशियम-कणांमागें एखादाच सोडियम-कण चुकून जातो. आणि इतकी कडक परीक्षा होत असूनही जीवाणूच्या त्या दारांतून सेकंदाला कोट्यवधि कण पार होतात. वनस्पतींचीं दारें याहून संथ असलीं तरी तींही सेकंदाला लाखोंच्या हिशेबानें कण नेतात.

विवेक झाला, आतां आज्ञा. पेशीच्या पटलांत एक पंप सतत चालू असतो. तो अन्नांतील शक्ति खर्चून उज्जन वायूचे धनभारित कण बाहेर फेकतो. त्यामुळें पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानानें ऋण होतो. हा विद्युद्दाब शंभर-दीडशें मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असतो. माळेच्या सहा फेऱ्यांपैकीं चौथ्या फेऱ्यावर धनभारित मणी ओळीनें बसविलेले आहेत. दाब बदलला कीं हा फेरा जागच्या जागीं सरकतो आणि त्याच्या ओढीनें दार उघडतें. नवल असें कीं, आपल्या मज्जातंतूंतील याच घराण्याचीं दारें आंतील ऋणभार कमी झाला म्हणजे उघडतात, तर पानांतील दार तो वाढला म्हणजे उघडतें. तोच घाट, तेच भाग, पण चाल उलट. २०२० सालीं अतिशीत अवस्थेंत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकानें केएटी-एकचें चित्र घेण्यांत आलें, तेव्हांपासून या उलट चालीचा उलगडा होऊं लागला आहे.

आतां पुन्हां पानाकडे येऊं. पानाच्या त्वचेंत असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांना पर्णरंध्रें म्हणतात. हवेंतील कर्बवायु यांतूनच आंत येतो, म्हणजे साखरेचा सारा कच्चा माल या दारांतून येतो. पण तीं उघडीं असेपर्यंत पाण्याची वाफही त्यांतूनच निसटते. मुळांनीं ओढलेल्या पाण्यापैकीं शेंकडा पंचाण्णवांहून अधिक अशा रीतीनें हवेंत जातें. उघडावें तर तहान, मिटावें तर भूक, असा हा पेंच. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंस दोन रक्षक पेशी असतात. पहांटेचा प्रकाश पडतांच त्यांतील उज्जनाचे पंप जोरानें चालूं लागतात, आंतील ऋणभार वाढतो, पोटॅशियमचीं दारें उघडतात, पोटॅशियम आंत धांवतें, मागोमाग पाणी येतें, पेशी फुगून बाहेर वांकतात आणि मधलें छिद्र खुलें होतें. १९४३ सालीं जपानमधील इमामुरा यानें या घडामोडींतील पोटॅशियमचा हात ओळखला होता. परंतु महायुद्धाच्या धामधुमींत जगाचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. १९६७ सालीं फुजिनो यानें व पुढील वर्षीं अमेरिकेंत फिशर यानें तें पुन्हां सिद्ध केलें, तेव्हां कोठें तें सर्वमान्य झालें. ऊस हा गवताच्या कुळांतला. त्याच्या रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या असून त्यांच्या शेजारीं एकेक मदतनीस पेशी असते. छिद्र मिटलेलें असतां पालाश शेजारणीकडे ठेवावयाचें आणि उघडतांना परत घ्यावयाचें, अशी ही शेजारधर्माची देवघेव मक्याच्या पानांत १९७१ सालींच दिसून आली आहे.

ऊन चढलें, मुळांना ओल कमी पडूं लागली, कीं झाडांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचें एक द्रव्य वाढतें. तें रक्षक पेशींस निरोप पोंचवितें. मग ऋणभारित कणांचीं दारें उघडतात, आंतील दाब उतरतो, आणि पोटॅशियमचीं बाहेर जाणारीं दारें उघडून पोटॅशियम व त्याबरोबर पाणी निघून जातें. पेशी सैल पडून छिद्र मिटतें. कळंब्याच्या बांधावर जें पान वळलेलें दिसलें, त्याच्या त्वचेवर हा व्यवहार हजारों ठिकाणीं आधींच होऊन गेलेला असतो. पान वळणें ही त्यापुढची पायरी. वळवणाऱ्या पेशी निराळ्या, पण तेथेंही पाणी गेलें कीं पेशी सैल होतात, हाच नियम.

लाजाळूचें झाड बोट लागतांच मिटतें, हें आपण मुलांना कौतुकानें दाखवितों. आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं लाजाळूंत विजेचा संदेश धांवतो हें आपल्या सूक्ष्म यंत्रांनीं दाखविलें आणि १९२६ सालच्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच वनस्पतींची मज्जाव्यवस्था हा होता. आज आपणांस ठाऊक आहे कीं, तो संदेश देठाच्या बुडाशीं असलेल्या फुगीर सांध्याशीं पोंचतांच तेथील पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतें व पाणी त्याच्या मागें जातें. रस्त्याच्या कडेचे पर्जन्यवृक्ष सायंकाळीं आपलीं पानें मिटतात, तेही याच क्षाराच्या रोजच्या येरझाऱ्यांनीं.

मुळांची कथाही अशीच. जमिनींत पालाश कमी पडलें कीं मुळाच्या पेशींत चुन्याच्या मूलद्रव्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, इशारा उठतो. तो इशारा ओळखणारीं प्रथिनें दुसऱ्या एका प्रथिनास जागें करतात आणि तें जाऊन एकेटी-एकच्या दारावर स्फुरदाचा शिक्का मारतें. शिक्का पडला कीं दार कामाला लागतें. ही सांखळी २००६ सालीं चिनी व अमेरिकन संशोधकांनीं उलगडली. आंत आलेलें पोटॅशियम मग दुसऱ्या दारांनीं रसवाहिन्यांत चढतें आणि पानांपर्यंत पोंचतें.

येथवर वाचून एखादी गृहिणी विचारील, ‘या सर्व सूक्ष्म ज्ञानाचा आमच्या संसाराशीं संबंध काय?’ संबंध आहे, आणि तो कोल्हापूरकरांशीं तर फारच जवळचा आहे. आडसाली उसाला हेक्टरीं ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश द्यावें अशी शेतकी विद्यापीठाची शिफारस आहे. यांतील पालाश आपल्या देशांत खाणींतून निघत नाहीं. तें परदेशांतूनच आणावें लागतें. एवढ्या दूरवरून आणलेल्या या द्रव्याचें पुढें काय होतें तें पाहावें. ऊस तें मुळांतून घेतो, रसांत सांठवितो. त्या रसाचा गूळ केला तर बराच भाग गुळांत राहतो. म्हणून गुळांत पालाश भरपूर आणि पांढऱ्या साखरेंत जवळजवळ नाहींच. साखर केली तर तें मळींत उतरतें; मळीपासून मद्यार्क काढला कीं उरलेल्या सांडपाण्यांत जातें. तें सांडपाणी ओढ्या-नद्यांत सोडलें तर पाणी नासतें. तेंच आटवून जाळून राख केली तर तींत पुन्हां पालाश सांपडतें. मळीपासून मिळणाऱ्या या पालाशाला २०२१ सालीं केंद्र सरकारनें खतांच्या अनुदान-योजनेंत स्थान दिलें. आजीबाईच्या चुलींतील राखेचें महत्त्व असें फिरून आलें म्हणावयाचें. शेतांतील पाचट जाळणाऱ्यांनींही हें ध्यानांत धरावें. जाळल्यानें नत्र व सेंद्रिय अंश वायां जातो, आणि मागें उरलेलें राखेंतील पालाश पहिल्या मोठ्या पावसाबरोबर वाहून जाण्याची भीति असते. तेंच पाचट सरीत कुजूं दिलें तर सर्वच जमिनीला परत मिळतें.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ‘पान वळलें, पाणी द्या, अधिक दिलें तर अधिक बरें’ ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. शिरोळ तालुक्यांत आणि कृष्णाकांठच्या अन्य भागांत अतोनात पाण्यानें कित्येक जमिनी क्षारपड झाल्या, हें कोणास सांगावयास नको. पाणी सांचलेल्या काळ्या जमिनींत मुळांस प्राणवायु मिळत नाहीं. प्राणवायूवांचून उज्जनाचे पंप मंदावतात. पंप मंदावले कीं आंतील ऋणभार उतरतो. आणि पोटॅशियमचें आंत येणारें दार मिटून बाहेर जाणारें उघडतें. त्यांतच खालून वर आलेल्या क्षारांतील सोडियम मुळांना वेढून टाकतें. आपल्या द्वारपालांनीं सोडियमला दारांतून घेतलें नाहीं, तरी तें इतर आडवाटांनीं शिरतें आणि त्याच्या धनभारानें आंतील दाब आणखी ढासळतो. मग वर्षानुवर्षें जमविलेलें पालाश मूळ आपल्याच हातांनीं मातींत गमावून बसतें. शेतांत पाणी तुडुंब असूनही ऊस तहानेनें पिवळा पडतो, आणि शेतकरी आणखी पाणी सोडतो.

या संकटावर वनस्पतींच्या दारांचें ज्ञान उपयोगी पडूं लागलें आहे. गव्हाच्या एका रानटी भाऊबंदांत असें एक प्रथिन आढळलें कीं जें रसवाहिनींत शिरलेलें सोडियम उचलून मुळांतच थोपवून धरतें. तें साध्या संकराच्या मार्गानें लागवडीच्या गव्हांत आणलें असतां खारवट शेतांत उत्पन्न शेंकडा पंचवीसनें वाढलें, असें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें. उसाची वंशावळ फार गुंतागुंतीची असल्यामुळें त्यांत असें काम सोपें नाहीं. तरी उसाच्या संशोधनासाठीं १९३२ सालापासून पाडेगांवचें केंद्र आणि आपल्या कोल्हापुरांतील ऊस व गूळ संशोधन केंद्र अशीं स्थळें महाराष्ट्राजवळ आहेत. आपल्या घरांतील जीं मुलें-मुली विज्ञान शिकत आहेत, त्यांना या दिशेनें पाहण्यास आपण प्रोत्साहन द्यावें.

मात्र नवा वाण येईपर्यंत हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. पाण्याची पाळी जमिनीची ओल पाहून ठरविणें, ठिबकानें बेतानें पाणी देणें, निचऱ्याचे चर मोकळे ठेवणें, माती तपासून पालाश हप्त्याहप्त्यानें देणें, पाचट राखणें, हे उपाय आजही हातांत आहेत. दुपारीं वळलेलें पान सायंकाळीं आपण होऊन उलगडत असेल, तर तें झाड आपली व्यवस्था स्वतः नीट पाहत आहे असें समजावें. सूर्य मावळल्यावरही जें उलगडत नाहीं, किंवा पहांटेसही वळलेलेंच दिसतें, त्याला मात्र पाणी द्यावें. एवढा फरक ओळखण्यासाठीं सूक्ष्मदर्शक लागत नाहीं. दिवसांतून दोनदां बांधावर जाऊन पाहणारे डोळे लागतात.